जुना फोटो वाचायचा कसा? व्हिटबीच्या गल्ल्या आणि नदीकाठ



इतिहासाच्या साधनांचे तीन प्रकार आपण मुलांना शिकवतो: भौतिक, लिखित आणि मौखिक. मुलं ते पाठही करतात. नाणी, किल्ले, ताम्रपट, ओव्या, पोवाडे अशी उदाहरणं धडाधड येतात. पण 'जुना फोटो यातल्या कोणत्या प्रकारात घालायचा?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. खरं सांगते, एका मुलाने मला हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मीही गप्पच झाले होते. फोटो ही वस्तू आहे, म्हणजे भौतिक साधन. पण नाणं जसं हातात घेऊन बघतो तसा फोटो नुसता बघून भागत नाही. तो वाचावा लागतो. डी.एड.ला असताना 'चित्रवाचन' हा शब्द आपण पाठनियोजनात कितीदा लिहिला असेल! पण फोटो वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला पाचवीच्या वर्गात एक चूक केल्यावर कळलं. ती चूक पुढे सांगतेच. आधी गावाची ओळख करून घेऊ.

परकं गाव कशासाठी?

या पाठासाठी मी इंग्लंडमधल्या व्हिटबी या छोट्या बंदराच्या गावाचे जुने फोटो घेतले. तुम्ही म्हणाल, आपलं गाव सोडून इतक्या लांब कशाला? कारणं दोन. एक म्हणजे, एकाच गावाचे, एकाच माणसाने वर्षानुवर्षं काढलेले इतके चांगले जुने फोटो क्वचितच मिळतात. दुसरं म्हणजे, ओळखीचं ठिकाण दाखवलं की मुलं बघायचं सोडून 'मला माहीत आहे, मला माहीत आहे' सुरू करतात. परक्या गावात तसं करता येत नाही. तिथे नीट बघावंच लागतं.

व्हिटबी यॉर्कशर भागात, उत्तर समुद्राच्या काठावर आहे. एस्क नावाची नदी तिथे समुद्राला मिळते आणि गावाचे दोन भाग करते. पूर्वेकडे जुनं गाव: अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली कौलारू घरं, आणि टेकडीवर चढत जाणाऱ्या १९९ पायऱ्या. पायऱ्या संपल्या की सेंट मेरी चर्च आणि त्याच्या मागे जुन्या मठाचे भग्न अवशेष. या जागी पहिला मठ इ.स. ६५७ मध्ये हिल्डा या साध्वीने स्थापन केला होता. पश्चिमेकडचा भाग त्या मानाने नवा. रेल्वे आल्यावर सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी तिथे हॉटेलं आणि मोठी घरं उभी राहिली. दोन्ही भागांना जोडतो तो नदीवरचा फिरता पूल. जहाज आलं की पूल बाजूला वळतो आणि वाट मोकळी होते. मुलांना हा पूल फार आवडतो.

पुलावरून फोटोचा काळही ओळखता येतो. आज दिसणारा फिरता पूल १९०८ च्या सुमारास उभा राहिला. त्याआधी तिथे १८३५ चा जुना फिरता पूल होता. फोटोत कोणता पूल आहे ते कळलं की फोटो नव्या पुलाच्या आधीचा की नंतरचा, हे मुलं स्वतः सांगू शकतात. 'तारीख लिहिलेली नसतानाही तारीख शोधता येते' हा आनंद मोठा असतो. तो मुलांना मिळू द्या.

या गावाचं जहाजांशी नातं जुनं आहे. दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक तरुणपणी इथेच जहाजमालक जॉन वॉकर यांच्याकडे उमेदवारी करत होता. ज्या 'एंडेव्हर' जहाजातून त्याने पुढे जगप्रवास केला, तेही व्हिटबीतच बांधलं गेलं होतं, १७६४ मध्ये.

फोटो काढणारा कोण होता?

फोटो दाखवण्याआधी हा प्रश्न मुलांच्या मनात पेरायचा. फोटो आपोआप निघत नाही. कुणीतरी कुठेतरी उभं राहून तो काढतं.

व्हिटबीचे हे फोटो फ्रँक मेडो सटक्लिफ यांनी काढले. जन्म १८५३, मृत्यू १९४१. वडील चित्रकार होते. १८७१ मध्ये ते वारले, तेव्हा फ्रँक अठरा वर्षांचे होते आणि भावंडांत सगळ्यांत मोठे. पोटासाठी त्यांनी फोटोग्राफी धरली. दक्षिणेकडे टनब्रिज वेल्स या गावात स्टुडिओ काढून पाहिला, तो चालला नाही. मग ते व्हिटबीला परतले आणि एका बंद पडलेल्या जेटच्या कारखान्यात त्यांनी स्टुडिओ थाटला.

जेट म्हणजे काय, हे मुलं विचारतातच. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं लाकूड दबून तयार झालेला काळा, हलका, चकचकीत दगडासारखा पदार्थ. व्हिटबीच्या कड्यांमध्ये तो सापडतो. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट १८६१ मध्ये वारले आणि राणीने शोक म्हणून जेटचे काळे दागिने वापरले. मग ती फॅशनच झाली आणि व्हिटबीत जेटचे कारागीर वाढले. पुढे फॅशन ओसरली तसे कारखाने बंद पडत गेले. एका गावातला एक धंदा बसतो आणि त्याच खोलीत दुसरा सुरू होतो, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. आपल्या बाजारपेठेतही असं घडताना ती बघतात.

सटक्लिफ यांचं पोट भरायचं ते सुट्टीला आलेल्या लोकांचे स्टुडिओत फोटो काढून. त्यामुळे त्यांना फार लांब जाता यायचं नाही. स्टुडिओतून सुटका झाली की ते कॅमेरा घेऊन धक्क्यावर जात. तो कॅमेरा लाकडी, जड, तीन पायांच्या घोडीवर उभा करायचा. फिल्मऐवजी काचेची पाटी. सुरुवातीच्या काळात तर पाटीवर रसायन लावायचं, ते ओलं असेपर्यंत फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, अशी घाई. पुढे तयार कोरड्या पाट्या मिळू लागल्या. तरीही माणसांना थोडा वेळ न हलता थांबावं लागे. म्हणून या फोटोंत माणसं कठड्याला रेलून, टोपलीवर हात ठेवून, दगडावर बसून स्थिर दिसतात. ती आळशी नव्हती. त्यांना थांबायला सांगितलेलं होतं! हे एकदा मुलांना कळलं की 'हा फोटो सहज निघाला की मुद्दाम उभं करून काढला?' असं ती प्रत्येक फोटोला विचारू लागतात.

पाठ कसा घ्यायचा?

साहित्य फार लागत नाही. तीन फोटो पुरतात. शाळेत पडदा असेल तर पडद्यावर, नसेल तर छापून गटात एकेक. फोटोखालचं नाव आणि माहिती झाकून टाका. वेळ दोन तासिका. फळ्यावर तीन रकाने आखा:

१. काय दिसतं?
२. त्यावरून काय वाटतं?
३. काय दिसत नाही?

पहिल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसणारं लिहायचं. 'गरीब बाई' हे दिसत नाही, 'पायात चप्पल नाही' हे दिसतं. 'गरीब असेल' हे दुसऱ्या रकान्यात. एवढा एक फरक मुलांना कळला तरी पाठ सार्थकी लागला म्हणा. बातमी वाचताना आणि मोबाइलवर आलेला फोटो पुढे पाठवताना मोठ्यांनाही हाच फरक लागतो.

पहिला फोटो: बंदराचा आतला भाग

पाण्यात उभी शिडाची जहाजं, डोलकाठ्यांचं जंगल, मागे टेकडीवर चढत गेलेली घरं आणि धुराड्यांतून निघणारा धूर. पाणी अगदी काचेसारखं, त्यात डोलकाठ्यांची प्रतिबिंबं.

मुलांनी मोजायला सुरुवात केली. जहाजं किती, धुराडी किती. एकाने विचारलं, "बाई, घरांचा रंग कोणता?" फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंग तिसऱ्या रकान्यात गेला: दिसत नाही. (कौलं लाल आहेत, हे आजच्या फोटोवरून नंतर शोधलं.) दुसऱ्याने धुरावरून ओळखलं की थंडी असणार किंवा चुली पेटलेल्या असणार. हे दुसऱ्या रकान्यात.

त्यानंतर मी ओहोटीच्या वेळचा एक फोटो दाखवला. चिखलात एका कुशीवर कललेल्या होड्या होत्या. मी काही विचारायच्या आत अर्धा वर्ग ओरडला, "ओहोटी!" माझी शाळा सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावर आहे आणि बरीचशी मुलं मच्छीमार घरांतली आहेत. तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. या फोटोंबाबत वर्गात माझ्यापेक्षा जास्त माहिती असणारी माणसं बसली होती.

दुसरा फोटो: दारात बसलेल्या बायका

आता माझी चूक.

फोटोत मच्छीमार वस्तीतल्या बायका घराच्या दारात बसल्या आहेत. मान खाली, हात कामात. शेजारी विणलेली उथळ टोपली. मी आदल्या रात्री वाचलं होतं की त्या किनाऱ्यावरच्या बायका नवऱ्यांसाठी जाड लोकरीचे स्वेटर विणत. ते खरंही आहे. त्यामुळे फोटो पडद्यावर आला आणि मी मुलांना बघायला वेळ न देताच सांगून टाकलं, "बघा, या बायका निवांत बसून विणकाम करतायत."

वर्गाने वहीत लिहिलं: विणकाम.

मागच्या बाकावर एक मुलगी बसते. वर्षभरात तिने स्वतःहून हात वर केल्याचं मला आठवत नव्हतं. त्या दिवशीही केला नाही. शेजारणीला हळूच म्हणाली, "ती गरी आसा." शेजारीण हसली, म्हणून मी विचारलं, काय झालं? ती गप्प. पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "बाई, ती गरी आसा. विणत नाहीत."

गरी म्हणजे मासे धरायचा गळ. मी तिला पडद्याजवळ बोलावलं. तिने बोट ठेवून दाखवलं. टोपलीत आहे ती लोकर नाही, लांब दोरी आहे. ती गोल गोल बसवून ठेवलीय, कारण होडीतून सोडताना गुंता झाला तर सगळी मेहनत फुकट. दोरीला थोड्या थोड्या अंतरावर गळ असतात आणि प्रत्येक गळाला आमिष लावावं लागतं. तिचे वडील आणि काका असंच करतात, ती मदतीला बसते. "आणि हात कापतात," असं म्हणून तिने आपलं बोट दाखवलं.

मी घरी जाऊन पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. त्या किनाऱ्यावर एकेका दोरीला शेकडो गळ असत. शिंपल्यांतलं मांस काढून ते प्रत्येक गळाला लावायचं काम बायका-मुलं करत. आमिष कमी पडलं की बायका आणि मुली खडकांवर चिकटलेले छोटे शंखासारखे जीव खरवडून आणायला किनाऱ्याने लांबवर चालत जात. थंडीच्या दिवसांतसुद्धा. होडी समुद्रात जायच्या आधीच घरातलं निम्मं काम झालेलं असे. आणि मी त्याला 'निवांत' म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "काल बाईंचं चुकलं. वहीत खोडा." मुलांनी मोठ्या आनंदाने खोडलं. पण मला दुसरंच टोचत राहिलं. तो फोटो बघताना गळ ओळखणारी ती एकटीच होती का? मच्छीमारांच्या घरातली इतकी मुलं समोर होती. त्यांच्यातल्या किती जणांना खरं माहीत होतं, आणि बाईंनी सांगितलंय म्हणून त्यांनी 'विणकाम' लिहिलं? वर्षभर आपण 'मुलांच्या अनुभवाशी जोडा' म्हणून टाचणात लिहितो, आणि अनुभव समोर बसलेला असताना आधी आपणच बोलून टाकतो.

तेव्हापासून एक नियम केलाय. फोटो दाखवला की पहिली दहा मिनिटं बाईंनी बोलायचं नाही. घड्याळ लावून. तुम्हीही करून बघा. पहिली तीन-चार मिनिटं फार अवघड जातात, आपल्याला. मुलांना नाही.

तिसरा फोटो: कॉर्कचं जॅकेट घातलेला माणूस

दाढीवाला, रापलेल्या चेहऱ्याचा एक माणूस. अंगावर विटा बांधल्यासारखं काहीतरी. मुलांचे अंदाज ऐकण्यासारखे असतात: चिलखत, विटा, बॉम्ब! शेवटी कुणीतरी म्हणतं, लाइफ जॅकेट.

या माणसाचं नाव हेन्री फ्रीमन. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबीजवळच्या समुद्रात मोठं वादळ झालं. एकामागून एक जहाजं संकटात सापडली. गावातल्या जीवरक्षक होडीने त्या दिवशी पाच वेळा समुद्रात जाऊन माणसं वाचवली. सहाव्या खेपेला होडी उलटली. तेरा जणांपैकी बारा जण, किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गावासमोर, बुडाले. वाचला तो एकटा फ्रीमन. नव्या प्रकारचं कॉर्कचं जॅकेट फक्त त्यानेच घातलं होतं. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच कामात राहिला. सटक्लिफ यांनी त्याचा फोटो काढला तो नंतरच्या काळात.

आता तिसरा रकाना. काय दिसत नाही? ती बारा माणसं दिसत नाहीत. वादळ दिसत नाही. ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे म्हणून कळली, फोटोतून नाही. म्हणजे फोटो एकटा पुरत नाही, त्याच्या शेजारी लिखित आणि मौखिक साधन ठेवावं लागतं. तीन प्रकार पाठ करून जे कळत नाही, ते इथे कळतं.

गोष्ट संपल्यावर वर्ग शांत होता. मग एक मुलगा म्हणाला, "आमच्या होडीत आहेत जॅकेटं. बाबा घालत नाहीत. उकडतं म्हणतात." आणखी तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मी भाषण दिलं नाही. गृहपाठ दिला: फ्रीमनची गोष्ट घरी जाऊन सांगा, एवढाच. पुढच्या पालकसभेत त्या मुलाची आई म्हणाली, "बाई, घरी रोज कटकट सुरू आहे जॅकेटावरून." मी म्हटलं, राहू दे सुरू.

फोटोच्या चौकटीबाहेर

शेवटी मुलांसोबत एक यादी करा: या सगळ्या फोटोंत मिळून काय नाही? आमच्या वर्गाची यादी अशी झाली. रात्र नाही, कारण उजेड नाही. अंधाऱ्या खोलीत काम करणारे कारागीर जवळजवळ नाहीत, तेही त्याच कारणाने. आवाज नाही. वास नाही ("एवढी मासळी म्हणजे वास असणारच," इति मागचा बाक). आणि बहुतेक माणसांची नावं नाहीत. सटक्लिफ यांच्या फोटोंच्या कोपऱ्यात क्रमांक आणि त्यांची आद्याक्षरं सापडतात. फोटोतली माणसं मात्र आपल्यासाठी 'एक कोळीण', 'तीन मुलं' एवढीच उरतात.

जुने फोटो बघून 'किती सुंदर ते दिवस' असं म्हणायचा मोह होतो. सटक्लिफ यांचे फोटो खरंच सुंदर आहेत. धुकं, धूर आणि उजेड यांची त्यांना चांगली जाण होती. १८९२ मध्ये फोटोग्राफीला कला म्हणून मान मिळावा यासाठी 'लिंक्ड रिंग' ही संस्था निघाली, तिच्या सुरुवातीच्या सदस्यांत ते होते. पण फोटो सुंदर म्हणून जगणं सोपं होतं असं नाही. हे मुलांना सांगावं लागत नाही. कापलेलं बोट त्यांनी बघितलेलं असतं.

पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी एक काळजी

सटक्लिफ यांचा सगळ्यांत गाजलेला फोटो १८८६ चा आहे. बंदरातल्या पाण्यात एका होडीभोवती खेळणारी उघडी मुलं त्यात आहेत. प्रदर्शनांत त्याचं कौतुक झालं आणि गावातल्या धर्मगुरूंनी त्यावर टीकाही केली. शोधताना तो फोटो तुम्हाला नक्की दिसेल. मी तो वर्गात घेत नाही. फोटो वाईट आहे म्हणून नाही. त्या मुलांना 'हा फोटो जगभर दाखवला तर चालेल का?' असं कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. आणि मग प्रश्न आपल्याकडेच येतो. उपक्रमाचे, स्नेहसंमेलनाचे, आंघोळीचे, रडतानाचे मुलांचे फोटो आपण ग्रुपवर टाकतो, स्टेटसला ठेवतो. मुलांना विचारतो का? मीसुद्धा विचारत नव्हते. आता विचारते. काही मुलं नाही म्हणतात, आणि ते ऐकावं लागतं.

घरी करायची कृती

१. घरातला एक जुना फोटो आजी-आजोबांसोबत बसून बघा. तीन रकाने भरा. पहिली दहा मिनिटं मुलांनी बोलायचं, मोठ्यांनी नाही.

२. फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. नाव, गाव, साधारण वर्ष. ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच हे होऊ शकतं.

३. गावातली एक जागा ठरवा. धक्का, पार, एसटीचा थांबा, काहीही. दर महिन्याला त्याच जागी उभं राहून एक फोटो काढा. वर्षाच्या शेवटी बारा फोटो ओळीने लावून काय बदललं ते लिहा.

आमच्या वर्गाने धक्का निवडला. त्या मुलीने जागा ठरवली. म्हणाली, इथून होड्याही दिसतात आणि दोऱ्या लावायला बसणारी माणसंही. मी सुचवलेली जागा वेगळी होती. तिथून फक्त समुद्र दिसत होता.

पाठ घेतलात तर तुमच्या मुलांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं ते जरूर कळवा.